लोकशाहीच्या निधीचा हिशेब कोणाकडे?

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, सत्तेवर आल्याच्या पहिल्याच दिवशी, परदेशांना दिली जाणारी मदत नव्वद दिवसांसाठी गोठवली. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी ‘यूएसएड’ या सरकारी मदतसंस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचे जाहीर केले आणि १ जुलैला त्या संस्थेचे उरलेसुरले काम परराष्ट्र खात्याकडे गेले. औषधे आणि धान्य थांबले याची चर्चा जगभर झाली, ती व्हायलाच हवी होती. पण त्याच वेळी आणखी एक पैसा थांबला आणि त्याची दखल फार थोड्यांनी घेतली. मतदार याद्या तपासणाऱ्या, निवडणुकांवर देखरेख ठेवणाऱ्या, अटकेतल्या पत्रकाराला वकील मिळवून देणाऱ्या, सरकारी अंदाजपत्रक सामान्य माणसाला समजावून सांगणाऱ्या छोट्या नागरी संस्थांचा हा पैसा. असा निधी देणाऱ्या ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी’ म्हणजे एनईडीला अमेरिकी काँग्रेसने मंजूर केलेली रक्कमच अर्थखात्याकडून मिळेनाशी झाली. मार्चमध्ये ती न्यायालयात गेली आणि ऑगस्टमध्ये तिला अंतरिम दिलासा मिळाला. तोपर्यंत कितीतरी देशांतल्या संस्थांनी माणसे कमी केली होती आणि हाती घेतलेली कामे सोडून दिली होती.

या घटनेचे दोन अर्थ लावले गेले. ज्या राजवटींना हा पैसा कायम खुपत होता, त्यांना आपला संशय खरा ठरल्यासारखे वाटले. ज्यांनी हा पैसा घेऊन जोखमीची कामे केली, त्यांना आपण वाऱ्यावर सोडले गेलो असे वाटले. दोन्ही भावना समजण्यासारख्या आहेत, पण दोन्हींतून मूळ प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. लोकशाहीसाठी काम करणाऱ्या संस्थांना बाहेरून अनुदान मिळावे का, आणि मिळाले तर कोणत्या अटींवर? आमच्या मते पैसा देशी की परदेशी हा यातला पहिला प्रश्न नाही. पैसा उघड आहे का, तो कोणाला तरी जिंकवण्यासाठी दिला आहे का, आणि तो घेणारी संस्था आपल्याच लोकांना हिशेब देते का, हे तीन प्रश्न त्याच्या आधी विचारले पाहिजेत.

अशा अनुदानाची आजची रचना एका घोटाळ्यातून जन्माला आली. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयए विद्यार्थी संघटना, कामगार संघटना आणि नियतकालिके यांना गुपचूप पैसे पुरवत असे. १९६७ मध्ये ‘रॅम्पार्ट्स’ या मासिकाने अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेला मिळणारा हा पैसा उघड केला आणि मागोमाग सारी साखळीच बाहेर आली. तिचे एक टोक मुंबईत होते. ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या भारतीय समितीतर्फे ‘क्वेस्ट’ हे दर्जेदार इंग्रजी नियतकालिक मुंबईहून निघत असे. निसिम इझिकेल त्याचे पहिले संपादक. मूळ संस्थेला सीआयएचा पैसा मिळत होता हे उघड झाल्यावर, ज्यांनी स्वतःच्या बुद्धीने आणि प्रामाणिकपणे लिहिले होते त्यांच्याकडेही संशयाने पाहिले गेले. लपवलेला पैसा घेणाऱ्याच्या अब्रूवर कसा उलटतो, याचा हा आपल्या जवळचा धडा आहे.

या घोटाळ्यानंतर, जे करायचे ते उघडपणे करावे हा विचार पुढे आला. त्यासाठी पश्चिम जर्मनीचा नमुना समोर होता. तिथे प्रत्येक मोठ्या पक्षाशी निगडित प्रतिष्ठान सरकारी निधीतून परदेशांत राजकीय शिक्षणाचे काम करत असे. सोशल डेमॉक्रॅट पक्षाशी संबंधित फ्रीडरिश एबर्ट प्रतिष्ठानाने १९७०च्या दशकात पोर्तुगालमधल्या हुकूमशाहीविरोधी समाजवाद्यांना मोठा आधार दिला होता. जून १९८२ मध्ये अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी लंडनमध्ये ब्रिटिश संसद सदस्यांसमोर केलेल्या भाषणात अशाच कामाची घोषणा केली आणि १९८३ मध्ये एनईडी स्थापन झाली. ती नोंदणीने खासगी, पैसा मात्र अमेरिकी करदात्याचा. संचालक मंडळावर दोन्ही पक्षांची माणसे. निधीचा मोठा भाग दोन पक्षांशी निगडित दोन संस्था, एक कामगारांची संस्था आणि एक उद्योगांची संस्था यांच्यामार्फत जातो, उरलेला थेट स्थानिक गटांना मिळतो. ब्रिटनने १९९२ मध्ये वेस्टमिन्स्टर फाउंडेशन काढले, तर युरोपीय देशांनी पोलंडच्या पुढाकाराने आपली वेगळी संस्था ब्रुसेल्समध्ये उभी केली. जॉर्ज सोरोस यांचे खासगी प्रतिष्ठान १९८४ पासून हंगेरीत काम करू लागले. तिथल्या वाचनालयांना आणि विद्यापीठांना त्याने छायाप्रती काढण्याची यंत्रे दिली. कागदाच्या प्रतीवरही सरकारचा पहारा असलेल्या देशात ती मदत फार मोलाची होती.

गुप्त पैसा आणि उघड पैसा यांतला फरक पाहायचा तर चिलीइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही, कारण तिथे एकाच देशाने दोन्ही प्रयोग केले. १९६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत एदुआर्दो फ्रेई निवडून आले. त्यांच्या प्रचाराचा निम्म्याहून अधिक खर्च सीआयएने गुपचूप उचलला होता. १९७० मध्ये साल्वादोर आयेंदे निवडून आल्यावर त्यांच्या विरोधकांना आणि ‘एल मेर्कुरिओ’ या दैनिकाला लाखो डॉलर पोहोचवले गेले. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने उठाव केला आणि जनरल पिनोशे यांची राजवट सुरू झाली. अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीने १९७५ मध्ये हा गुप्त व्यवहार कागदपत्रांनिशी जगासमोर ठेवला.

तेरा वर्षांनी, ५ ऑक्टोबर १९८८ रोजी, चिलीच्या जनतेसमोर एकच प्रश्न होता: पिनोशे यांना आणखी आठ वर्षे द्यायची का? उठावानंतर जुन्या मतदार याद्या नष्ट करण्यात आल्या होत्या. नव्या याद्या शून्यापासून करायच्या होत्या आणि भीतीने गप्प बसलेल्या लोकांना नोंदणीला बाहेर काढायचे होते. हे काम चिलीच्या कार्यकर्त्यांनी आणि चर्चशी जोडलेल्या गटांनी घरोघर फिरून केले. सत्तर लाखांहून अधिक नावे नोंदली गेली. एनईडीमार्फत यासाठी आलेला पैसा अमेरिकी काँग्रेसने उघडपणे मंजूर केला होता. त्यातून नोंदणीची मोहीम, निरीक्षकांचे प्रशिक्षण आणि समांतर मतमोजणीची तयारी झाली. काही मदत ‘नाही’ म्हणणाऱ्या आघाडीच्या प्रचारतंत्रालाही मिळाली, त्यामुळे ती पूर्णपणे तटस्थ होती असे म्हणता येणार नाही. मतदानाच्या रात्री सरकार निकाल रोखून बसले. विरोधकांच्या स्वतंत्र मोजणीचे आकडे मात्र तयार होते. अखेर हवाई दलप्रमुख फर्नांदो मॅथेई यांनी अध्यक्षीय प्रासादात शिरतानाच पत्रकारांना ‘नाही’चा विजय झाल्याचे सांगितले आणि फेरफाराचा मार्ग बंद झाला. सुमारे ५६ टक्के वैध मते पिनोशे यांच्या विरोधात गेली होती. आधीच्या पैशाने चिलीच्या मतदाराचा निर्णय वाकवला होता. नंतरच्या पैशाने त्या मतदाराची नोंद व्हायला आणि त्याचे मत नीट मोजले जायला हातभार लावला. देणारा देश तोच होता, व्यवहार मात्र वेगळा होता.

अशा मदतीने काय साधते आणि काय साधत नाही, हे शेजारच्या बांगलादेशात दिसते. २००६ मध्ये एका अमेरिकी संस्थेने केलेल्या पाहणीत तिथल्या मतदार यादीत एक कोटीहून अधिक जादा किंवा चुकीची नावे असल्याचे दिसले. जानेवारी २००७ ची निवडणूक रद्द झाली आणि हंगामी सरकार आले. निवडणूक आयोगाने लष्कराच्या मदतीने छायाचित्रांसह नवी यादी तयार करायला घेतली. अनेक देशांनी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत त्यासाठी निधी दिला. दीड वर्षाच्या आत आठ कोटींहून अधिक मतदारांची नोंद झाली. डिसेंबर २००८ च्या निवडणुकीत प्रचंड मतदान झाले आणि निकाल सर्वसाधारणपणे मान्य झाला. तांत्रिक अंगाने पाहिले तर हे मोठे यश होते. पण २०१४, २०१८ आणि २०२४ च्या निवडणुका एकतर्फी झाल्या आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या उठावानंतर शेख हसीना यांना देश सोडावा लागला. यादी स्वच्छ होती, पण तिच्यावर विसंबून खुली लढत होऊ द्यायची सत्ताधाऱ्यांची तयारी नव्हती. अनुदानातून यादी, पेटी, प्रशिक्षण आणि निरीक्षक मिळू शकतात. पराभव पत्करण्याची तयारी विकत घेता येत नाही. ती त्या समाजाला आपल्या संघर्षातूनच कमवावी लागते.

आता अनुदान प्रत्यक्षात कसे चालते ते पाहू, कारण बरेचसे दोष या पद्धतीतच आहेत. एनईडीला अलीकडच्या वर्षांत दरवर्षी सुमारे ३१.५ कोटी डॉलर मिळत होते आणि त्यातून शंभरच्या आसपास देशांत जवळपास दोन हजार अनुदाने दिली जात होती. स्थानिक संस्थेच्या वाट्याला साधारण पन्नास हजार डॉलर येतात, तेही बहुधा एका वर्षासाठी. संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही निधी साधारण दोन वर्षांसाठी एक ते तीन लाख डॉलर देतो. संस्था प्रस्ताव पाठवते, त्यात उद्दिष्टे आणि अंदाजपत्रक मांडते, मंजुरीनंतर पैसे हप्त्यांनी येतात आणि पुढचा हप्ता अहवालावर अवलंबून असतो. पैशाला शिस्त लागावी म्हणून हे आवश्यक आहे. पण अहवालात जे मोजता येते त्यालाच हळूहळू महत्त्व येते. किती कार्यशाळा घेतल्या, किती जण हजर होते, किती पुस्तिका वाटल्या, हे रकान्यात भरता येते. गावातल्या बायका पहिल्यांदा सभेत उठून बोलल्या, तहसीलदाराने तीन वर्षे अडवलेला कागद दिला, याला रकाना नसतो. वर्ष संपत आले की नवा प्रस्ताव, नवे शीर्षक. देणाऱ्याने यंदा युवक हा विषय घेतला असेल तर संस्थेलाही युवक आठवतात, पुढच्या वर्षी अपप्रचाराशी लढा हा विषय असेल तर ती तिकडे वळते. चांगली इंग्रजी लिहिणारी राजधानीतली संस्था टिकते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी वीस वर्षे काम करणारा गट मागे पडतो. सगळ्यात गंभीर म्हणजे संस्थेची नजर आपल्या लोकांवरून ढळून देणगीदाराकडे लागते. ती परदेशातल्या कार्यक्रम अधिकाऱ्याला दर तीन महिन्यांनी हिशेब देते आणि ज्यांच्या नावाने पैसा आणला, त्यांना एकदाही देत नाही.

देणारेही निर्दोष नाहीत. एप्रिल २००२ मध्ये व्हेनेझुएलात निवडून आलेले अध्यक्ष ह्यूगो चावेझ यांना दोन दिवसांसाठी पदच्युत करण्यात आले. तेव्हा एनईडीच्याच पैशावर चालणाऱ्या इंटरनॅशनल रिपब्लिकन इन्स्टिट्यूटच्या अध्यक्षांनी त्या उठावाचे जाहीर स्वागत केले. एनईडीच्या प्रमुखांनी त्यांना खडसावले खरे, पण नुकसान होऊन गेले होते. लोकशाहीच्या नावाने काम करणारी संस्था मतपेटीविरुद्धच्या उठावाला टाळ्या वाजवते, हे दृश्य तिच्या टीकाकारांना पुढची अनेक वर्षे पुरले. इजिप्तला अमेरिका दरवर्षी १.३ अब्ज डॉलरची लष्करी मदत देत आली आहे. डिसेंबर २०११ मध्ये त्याच देशात नागरी संस्थांच्या सतरा कार्यालयांवर छापे पडले आणि जून २०१३ मध्ये ४३ जणांना शिक्षा झाली. त्यांतले जे पुढे फेरसुनावणीत सुटले, त्यांना २०१८ उजाडले. एका हाताने सत्तेला बंदुका आणि दुसऱ्या हाताने नागरिकांना पुस्तिका दिल्या तर देणाऱ्याच्या मनात काय आहे, असा प्रश्न लोक विचारणारच.

या दोषांचे भांडवल करून अनेक सरकारांनी मात्र नागरी संस्थांचीच मुस्कटदाबी केली. रशियाने जुलै २०१२ मध्ये परदेशी पैसा घेऊन सार्वजनिक कामात पडणाऱ्या संस्थांना ‘परदेशी हस्तक’ ठरवणारा कायदा केला. निवडणुकांतले गैरप्रकार नोंदवणारी ‘गोलोस’ ही त्याखाली दंड झालेली पहिली संस्था. नॉर्वेतल्या एका संस्थेने दिलेल्या पुरस्काराची रक्कम तिने परत केली होती, तरी कारवाई टळली नाही. ‘नकोशा’ परदेशी संस्थांचा कायदा २०१५ मध्ये आला आणि त्याखाली पहिले नाव एनईडीचे लागले. त्यानंतरही गोलोसची पाठ सुटली नाही. मे २०२५ मध्ये तिचे सहअध्यक्ष ग्रिगोरी मेलकोन्यान्त्स यांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि जुलैमध्ये संस्थेने काम बंद केले. राग परदेशी पैशावर असता तर पैसा परत केल्यावर तो शमला असता. राग मत मोजणाऱ्यांवर होता.

इथिओपियाने २००९ मध्ये मानवाधिकार, लोकशाही आणि तंटानिवारण या क्षेत्रांतल्या संस्थांना एकूण निधीच्या १० टक्क्यांहून अधिक परदेशी पैसा घ्यायला बंदी घातली. गरीब देशात उरलेले ९० टक्के आणायचे कुठून? बहुतेक संस्थांनी हक्कांचे काम सोडून शेती-आरोग्याचे काम धरले किंवा दार बंद केले. राजकीय बदलानंतर २०१९ मध्ये तो कायदा रद्द झाला. जॉर्जियाने मे २०२४ मध्ये अध्यक्षांचा नकाराधिकार फेटाळून, २० टक्क्यांहून अधिक परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना वेगळी नोंदणी सक्तीची केली आणि एप्रिल २०२५ मध्ये परदेशी अनुदानासाठी सरकारची संमती आवश्यक केली. या कायद्यांचे समर्थन करताना अमेरिकेच्या १९३८ च्या परदेशी हस्तक नोंदणी कायद्याचा दाखला नेहमी दिला जातो. तो कायदा मुळात परदेशी शक्तीच्या सांगण्यावरून किंवा नियंत्रणाखाली काम करणाऱ्यांसाठी आहे. नुसता पैसा घेतला म्हणजे कोणी हस्तक होत नाही. हा फरक पुसला की पारदर्शकतेचा कायदा शिक्का मारण्याचे साधन बनतो.

भारताचा स्वतःचा इतिहासही या वादात महत्त्वाचा आहे. परदेशी देणग्यांवर नियंत्रण आणणारा एफसीआरए कायदा १९७६ चा, म्हणजे आणीबाणीतला. राजकीय पक्ष, उमेदवार, लोकप्रतिनिधी, न्यायाधीश, सरकारी कर्मचारी आणि वृत्तपत्रांचे संपादक, वार्ताहर यांनी परदेशी पैसा घेऊ नये, हे त्याचे मूळ सूत्र योग्यच होते. २०१० मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि २०२० च्या दुरुस्तीने तो आणखी कडक केला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आलेला निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी आली आणि प्रत्येक संस्थेला स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत खाते काढावे लागले. गडचिरोलीतला किंवा नंदुरबारमधला छोटा गट मोठ्या संस्थेच्या आधाराने जे काम करत असे, तो दुवा या बंदीने तुटला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये, नागरिकांच्या हक्कांसाठी आंदोलन करणाऱ्या पण पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थांना राजकीय ठरवून परदेशी निधीपासून वंचित ठेवता येणार नाही, असे सांगितले होते. एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने २०२० ची दुरुस्ती वैध ठरवली आणि देशातही देणगीदारांची वानवा नाही, याकडे लक्ष वेधले.

याच काळात राजकीय पक्षांची वाट मात्र मोकळी झाली. परदेशी कंपनीच्या समूहातून देणग्या घेतल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये भाजप आणि काँग्रेस या दोघांनाही दोषी धरले. त्यानंतर २०१६ आणि २०१८ च्या वित्त विधेयकांतून ‘परदेशी स्रोता’ची व्याख्या पूर्वलक्षी प्रभावाने सैल करण्यात आली, ती थेट १९७६ पर्यंत मागे नेऊन. मतदार जागृतीसाठी पाच लाख आणणाऱ्या संस्थेने प्रत्येक पावती दाखवायची आणि सत्ता मिळवण्यासाठी कोट्यवधी घेणाऱ्या पक्षाला मागची सूट मिळायची, हे न्यायाच्या कोणत्याच तराजूत बसत नाही. पक्षांना निनावी देणग्या देण्याची सोय करणारे निवडणूक रोखे फेब्रुवारी २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मतदाराचा जाणून घेण्याचा हक्क मान्य केला. तोच हक्क सर्व प्रकारच्या राजकीय पैशाला लागू व्हायला हवा.

भारत अशा अनुदानाचा केवळ टीकाकार नाही, दातासुद्धा आहे. संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही निधी २००५ मध्ये कोफी अन्नान यांनी स्थापन केला. त्याच्या उद्घाटनाला पंतप्रधान मनमोहन सिंग आणि अध्यक्ष जॉर्ज बुश एकत्र होते आणि भारताने एक कोटी डॉलर जाहीर केले. पुढेही भारत त्याला योगदान देणाऱ्या प्रमुख देशांपैकी एक राहिला. या निधीने आतापर्यंत शंभराहून अधिक देशांत आठशेहून जास्त प्रकल्पांना साहाय्य केले आणि बहुतेक पैसा सरकारांना न देता नागरी संस्थांना दिला. अनेक देशांचा पैसा एकत्र येतो, त्यामुळे कोणा एका राजधानीचा अजेंडा त्यावर सहज स्वार होत नाही. एका देशाने हात आखडता घेतला तरी सारे काम एका रात्रीत बंद पडण्याचा धोका कमी होतो. भारताने ज्या तत्त्वावर परदेशातल्या नागरी संस्थांना पैसा दिला, त्याच तत्त्वाने देशातल्या संस्थांकडेही पाहावे, ही अपेक्षा वाजवी आहे.

तसे होत नाही, हे फेब्रुवारी २०२५ मधल्या वादाने दाखवले. ट्रम्प प्रशासनाच्या खर्चकपात विभागाने भारतातील मतदान वाढवण्यासाठीचे २.१ कोटी डॉलरचे अनुदान रद्द केल्याचे सांगितले आणि इथे आरोप-प्रत्यारोपांचा धुरळा उडाला. प्रत्येक पक्षाने तो पैसा दुसऱ्याच्या खात्यावर मांडला. ‘इंडियन एक्स्प्रेस’ने कागदपत्रे तपासून ही रक्कम २०२२ मध्ये बांगलादेशासाठी मंजूर झाल्याचे दाखवले. पुढे अमेरिकी दूतावासानेही भारतात मतदानवाढीसाठी असा निधी दिला नसल्याचे कळवले आणि सरकारने ते संसदेत सांगितले. तोपर्यंत आरोप घराघरात पोहोचला होता. अनुदानांची पूर्ण आणि सहज तपासता येणारी नोंद सार्वजनिक असती तर हा वाद तासाभरात मिटला असता.

उघडपणाला एक खरी अडचण आहे आणि ती मान्य केली पाहिजे. जिथे निधी घेणाऱ्याचे नाव कळताच तो तुरुंगात जातो, तिथे नाव छापणे म्हणजे त्याला पोलिसांच्या हवाली करणे. म्हणूनच एनईडी काही देशांतल्या संस्थांची नावे जाहीर करत नाही. अशा ठिकाणी रक्कम, विषय आणि देश जाहीर करून नाव स्वतंत्र लेखापरीक्षकापुरते मर्यादित ठेवता येते. मात्र हा अपवाद हुकूमशाही देशांसाठीच असावा. जिथे न्यायालये आणि वृत्तपत्रे चालू आहेत, तिथे तो सवलतीसारखा वापरला गेला तर ‘क्वेस्ट’च्या काळातली चूक पुन्हा होईल.

सर्वोच्च न्यायालयाने देशी देणगीदारांकडे बोट दाखवले, ते गंभीरपणे घेऊ. भारतात पैसा आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक नफा कमावणाऱ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. पण कोणत्या कामांवर, हे सांगणाऱ्या सातव्या परिशिष्टात शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, वारसा, क्रीडा असे विषय आहेत. मतदार शिक्षण, माहितीचा अधिकार, कायदेविषयक मदत किंवा अंदाजपत्रकाचा अभ्यास यांचा स्पष्ट उल्लेख नाही. उद्योगपती शाळा बांधतात, रुग्णालये बांधतात आणि ते स्तुत्य आहे. सरकारला प्रश्न विचारणाऱ्या संस्थेला मात्र ते सहसा हात लावत नाहीत, कारण त्यांचे परवाने आणि कंत्राटे त्याच सरकारकडे असतात. परदेशी वाट अरुंद करायची आणि देशी वाट उघडायची नाही, याचा परिणाम हे काम मरून जाण्यातच होतो.

अशा कामाला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न महाराष्ट्राला नवीन नाही आणि त्याचे उत्तरही महाराष्ट्राने एकदा शोधले आहे. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमले, त्यात मुंबईचा वाटा मोठा होता. स्वातंत्र्यलढ्याचा खर्च लोकांनी उचलला, म्हणून तो लढा लोकांचा राहिला. पुढे १९८०च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासारख्या मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. नामवंत कलाकारांनी ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग गावोगाव केले, प्रेक्षकांनी तिकिटे काढली आणि त्या निधीच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागले. यात प्रकल्प, शीर्षक आणि रकाने यांचा जाच नव्हता. माणसावर विश्वास ठेवून त्याच्या घरची चूल पेटती ठेवायची, एवढाच विचार होता. आज जगभरचे अभ्यासक ज्या दीर्घ मुदतीच्या, अटीविरहित साहाय्याची मागणी करतात, ते इथे नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवर उभे राहिले होते. अमेरिकेतल्या मराठी माणसांचे महाराष्ट्र फाउंडेशनही अनेक वर्षे इथल्या सामाजिक कार्याला आणि साहित्याला बळ देत आले आहे. आपल्याच माणसांनी पाठवलेला पैसाही कायद्याच्या भाषेत परदेशी ठरतो. म्हणून सरसकट संशयाने पाहण्यापूर्वी थोडे थांबायला हवे.

यातून काही गोष्टी ठामपणे मांडता येतात. पक्ष, उमेदवार आणि निवडणूक प्रचार यांना परदेशी पैसा कोणत्याही वाटेने मिळता कामा नये आणि कंपन्यांच्या आडून दिलेली पूर्वलक्षी सूट मागे घेतली पाहिजे. नागरी संस्थांना परदेशी निधी घेता यावा, पण प्रत्येक अनुदानाची रक्कम, देणारा, उद्देश आणि मुदत एका खुल्या नोंदवहीत लगेच यावी. मोठ्या संस्थेने छोट्या संस्थेला निधी देण्यावरची बंदी उठवून तिथेही हाच नियम लावावा. परवाना नाकारताना किंवा रद्द करताना सरकारने लेखी कारणे द्यावीत आणि त्यावर ठरावीक मुदतीत अपील ऐकले जावे. सामाजिक दायित्वाच्या परिशिष्टात नागरी शिक्षण आणि कायदेविषयक मदत यांचा समावेश व्हावा. देणाऱ्या देशांनी एकेका वर्षाचे तुकडे देण्याऐवजी पाच-सात वर्षांची बांधिलकी घ्यावी आणि शक्य तिथे अनेक देशांच्या सामायिक निधीतून पैसा द्यावा. आणि संस्थांनी वर्षातून एकदा, ज्या वस्तीत किंवा तालुक्यात काम करतात तिथे, लोकांच्या भाषेत जमाखर्च वाचून दाखवावा. जी संस्था ग्रामपंचायतीकडे हिशेब मागते, तिने हे आधी केले पाहिजे.

शेवटचा भार वाचकांवर आहे. एका देशाच्या अध्यक्षाच्या सहीने शंभर देशांतले काम थांबू शकते, हे २०२५ ने दाखवले आहे आणि भारतातल्या संस्थांची स्थिती त्याहून फार सुरक्षित नाही. आपल्या शहरात किंवा तालुक्यात मतदार यादी, माहितीचा अधिकार, कैद्यांचे हक्क किंवा पालिकेचे अंदाजपत्रक यांवर काम करणारी एक संस्था शोधा, तिला दरवर्षी झेपेल तेवढी वर्गणी द्या आणि तिच्याकडे हिशेब मागा. हजार जणांच्या छोट्या वर्गणीवर उभ्या असलेल्या संस्थेला कोणी परदेशी हस्तक म्हणू शकत नाही, आणि म्हटलेच तर तिच्या बाजूने बोलायला हजार माणसे असतात.